चूलबंद आवतण

आवतण द्यायला गेलेल्या आक्का कुणाच्या घरात टेकल्याचं मी कधी पाहिलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पदर खांद्यावर ओढून घ्यायचा आणि आवाज द्यायचा. आत कुणी भाकरी थापत असो, कुणी न्हात असो, आक्का थांबत नसत. "उद्या शेट्यांच्यात बारसं हाय, सांजचं जेवाण, घरटी एक!" एवढं म्हणून त्या पुढच्या दाराकडे वळलेल्या असत. पाणी विचारलं तर घेत नसत. "एकीच्या घरात पानी पिलं की दुसरी म्हनती, माझ्या घरात का न्हाई?" हे त्यांचं कारण. मला ते पटायचं.

सांगलीतल्या आमच्या गल्लीत कार्य कुणाचंही असलं तरी आवतण आक्काच देत. सगळे त्यांना आवतणाच्या आक्का म्हणत. त्यांचे यजमान फौजेत हवालदार, ट्रक चालवायचे. वर्षातून एकदा सुट्टीवर येत. मूलबाळ नव्हतं. दोघंही मूळची माण तालुक्यातल्या म्हसवडची. हवालदारांनी नोकरीच्या सुरुवातीलाच गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि त्यात आक्का एकट्या राहत. एकट्या बाईला चार घरी ये-जा करायला काही निमित्त लागतं. आक्कांनी ते असं शोधून काढलं असावं. तसं त्या कधी बोलल्या मात्र नाहीत.

मी लग्न होऊन गल्लीत आले तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. पहिल्याच आठवड्यात आक्का आमच्या दारात ओरडून गेल्या, "चूलबंद!" मला काही कळलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं जायचं. चूलबंद म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. घरटी एकला कुणी तीन पोरं घेऊन गेलं तर महिनाभर चर्चा व्हायची. चूलबंदला कुणी एकटंच गेलं तर यजमानाचा अपमान. आणि दोन्हींत एक नेम सारखा होता. आदल्या दिवशीचं आवतण ही नुसती बातमी. पानं मांडली की आक्का पुन्हा दारोदार जायच्या, "चला, पानं मांडली!" हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. आधी जाऊन बसणारा हावरट. गल्लीतल्या पोरासोरांनासुद्धा आक्कांनी ही शिस्त लावली होती.

गल्ली तेव्हा एकसारखी होती. मार्केट यार्डातले तोलार, गिरणीतले कामगार, एक शिंपी, एक प्राथमिक शाळेचे मास्तर, मिरजेला रेल्वेत असलेले कांबळे. कुणाच्याच घरी फार नव्हतं आणि कुणाच्याच घरी अगदी काही नाही असंही नव्हतं. त्यामुळे एकाकडे जेवायला गेलं की दुसऱ्याला लाज वाटत नसे.

कांबळ्यांची एक गोष्ट सांगायला हवी. ते बौद्ध. गल्लीत राहायला आले तेव्हा त्यांच्या दारात आवतणच जात नव्हतं. आक्कांनी ते सुरू केलं, पण घरटी एक. गल्लीला चूलबंद असलं तरी कांबळ्यांना घरटी एक. पुष्कळ दिवस कांबळे एकटे येत, कडेला बसून जेवत आणि जात. एकदा मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचं आवतण होतं. आक्का नेहमीसारख्या ओरडल्या आणि कांबळेवहिनी हात पुसत बाहेर आल्या.

"आक्का, शेजारच्या दारात काय म्हणालात आत्ता?"

"चूलबंद."

"मग आमच्या चुलीला काय झालंय? ती पेटत न्हाई व्हय?"

सगळ्या दारांतून बायका बघत होत्या. आक्कांनी मास्तरांच्या घराकडे एकदा मान वळवली, विचारायला गेल्या मात्र नाहीत. मग जागेवरून पुन्हा आवाज दिला, आधीपेक्षा मोठा, "कांबळ्यांच्यात चूलबंद!" लग्नात मास्तरांच्या घरची म्हातारी तोंड फिरवून बसली. आक्का तिला म्हणाल्या, "तुमाला जेवायचं न्हाई तर नगा जेवू. आवतण मी दिलंय, ते माघारी येत न्हाई."

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. हवालदार कुठे आहेत ते कळत नव्हतं. रेडिओ फक्त शेट्यांकडे, म्हणून संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर जमायची. बातम्या संपल्या तरी आक्का उठत नसत. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सिद्धनाथा, मानूस धडानं घरी येऊ दे. आख्ख्या गल्लीच्या चुली एक दिस थंड ठेवीन." त्यांना हळू बोलता येतच नसे. ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

हवालदार धडधाकट आले. पण नवस काही लगेच फिटला नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ. रेशनवर लाल मिलो ज्वारी, तीही रांगेत. "लोकांच्या चुलीवर ठिवायलाच काय न्हाई, ती थंड ठिवून कसला नवस?" आक्का म्हणाल्या. बरोबर होतं. मग हवालदारांची बदली लांब झाली. ते पेन्शनीत आले की करू असं ठरलं. देवाला घाई नसते, असं हवालदार प्रत्येक सुट्टीत सांगून जायचे.

देवाला नसेल. गल्लीला होती. शेटे तोलार होते, ते हळदीच्या अडतीत शिरले, आणि वर्षा-दोन वर्षांत विश्रामबागेत त्यांचा बंगला उभा राहिला. मास्तरांनी सोसायटीत प्लॉट घेतला होता, त्यावर घर झालं. कांबळ्यांचा थोरला बँकेत लागला आणि तेही विश्रामबागेत, बसथांब्याजवळ वरच्या मजल्यावर गेले. शिंपी मुलाकडे पुण्याला गेला. प्रत्येक घराच्या सामानाबरोबर आक्का रस्त्यापर्यंत जात आणि सांगत, "लांब न्हाई विश्रामबाग. आवतण तितं येतंय."

रिकाम्या झालेल्या घरांना मालकांनी मधोमध भिंती घातल्या. जिथे एक कुटुंब होतं तिथे तीन-चार बिऱ्हाडं आली. बहुतेक दुष्काळात गाव सोडून आलेली, जत, आटपाडी, माण इकडची. आधी खडी फोडायला आली, पाऊस झाल्यावर परत गेली नाहीत. पुरुष यार्डात हमाली करत, बायका हळदीच्या गोदामात निवडायला जात. पहाटे निघून दिवेलागणीला यायच्या. कुणी महिन्यात खोली सोडे, तिथे दुसरं कुणी येई. गल्लीत माणसं पूर्वीपेक्षा दुप्पट झाली असतील, पण दुपारी आक्का ओट्यावर बसत तेव्हा बोलायला कुणी नसे. माझी शिफ्ट दुपारी सुटायची. मी येताना दिसले की त्या उठून उभ्या राहत. मी दमलेली असे, तरी दहा मिनिटं थांबे. सासूबाई तोवर गेल्या होत्या. जुन्यांपैकी आमचं आणि आणखी मोजकी घरं उरली होती.

आणि आवतणं थांबली. नव्या बिऱ्हाडांची कार्यं त्यांच्या गावी होत. विश्रामबागेतल्यांची कार्यं मंगल कार्यालयात, आणि पत्रिका पोस्टानं. शेट्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आक्कांच्या नावानं आली. त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे दिली. "वाच. काय लिवलंय? घरटी एक का चूलबंद?" मी म्हणाले, "सहकुटुंब सहपरिवार लिहिलंय, आक्का." "सगळ्यांना तेच लिवलंय न्हवं? मग मला काय कळायचं?"

हवालदार पेन्शनीत आले आणि त्याच वर्षी नवसाचं जेवण ठरलं. खपली गव्हाची खीर, भात, आमटी, वांग्याची भाजी. माझ्यासमोरच दोघांचं वाजलं. आक्का घरं मोजत होत्या, शेटे, मास्तर, कांबळे, आणि हवालदार हसायला लागले.

"अगं, ती आता गल्लीत हायती कुठं? हजेरीला जो न्हाई, तो कंपनीत न्हाई. गल्ली म्हंजे आज हाय ती. ही भाडेकरू माणसं."

"ती आज हायती, उद्या न्हाईत. मी बोलले तवा ओट्यावर हुती का ती?"

"आपल्याच मुलखाची हायती की."

"असंनात. नवस ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्याच चुली."

हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले, "फौजंत कर्नल परवडला." पण ऐकलं त्यांनी.

मी सुचवलं की शेट्यांकडे आणि मास्तरांकडे फोन आहेत, मी एक्स्चेंजमधून लावून देते. आक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी जेवायला वाढून ताट ओढून घेतलं होतं. "सुमन, तारंतनं जेवायला बोलवत्यात व्हय?" मग आदल्या दिवशी, रविवारी, मीच त्यांच्याबरोबर बसनं विश्रामबागेला गेले.

तिथे घरांना फाटकं होती. उंबरे आत लांब. आक्का फाटकाबाहेर उभ्या राहून ओरडल्या तेव्हा शेजारच्या बंगल्यातला माळी कुणी भिकारीण आली म्हणून बघायला आला. मी घंटा दाबली. शेटेवहिनी बाहेर आल्या, खूश झाल्या, खरंच झाल्या. "अय्या, आक्का! आत या, बसा."

"बसत न्हाई. उद्या नवसाचं जेवाण. चूलबंद."

"आक्का, आमच्यात आता चूल कुठली? गॅस आहे."

"मग त्यो बंद ठेवा."

शेटेवहिनी हसत सुटल्या. येतो म्हणाल्या. मास्तरांकडेही येतो म्हणाले. कांबळेवहिनी जिन्यातच भेटल्या. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाल्या, "आक्का, देवाचं, नवसाचं आमी मानत न्हाई, तुमाला ठाऊक हाय. नवसाला म्हणून येणार न्हाई. तुमच्या घरी जेवाण हाय, म्हणून येणार. चालंल?"

"चालंल. चूलबंद हाय."

"ठाऊक हाय. मागून घेतलेलं हाय मी ते."

दोघीही हसल्या. परतताना बसमध्ये आक्का खिडकीशी बसून एकट्याच बोलत होत्या, कोण कुठल्या पंगतीला बसेल, कुणाला तिखट चालत नाही. त्यांना इतक्या आनंदात मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. गल्लीत कापड बांधलं, पत्रावळी मांडल्या. खीर उत्तम झाली होती. आक्का गल्लीभर फिरल्या, "चला, पानं मांडली!" उरलेल्या जुन्या घरांतली आम्ही माणसं येऊन बसलो. एका पंगतीचा कोपरा भरला. आक्कांनी वाढायला सुरुवात करू दिली नाही. "विश्रामबागेची येऊ द्या." आमटी दोनदा गरम केली. मास्तरांकडून त्यांचा जावई एकटा स्कूटरवर आला, उभ्यानंच दोन घास खाल्ले, कचेरीत जायचंय म्हणाला. मग शेट्यांची गाडी आली. सून उतरली, तिच्या हातात स्टीलचा डबा. "सासूबाईंना बरं नाही. प्रसाद द्या म्हणाल्या."

आक्कांनी डबा भरला. काठोकाठ भरला, झाकण नीट लावलं, गाडीपर्यंत नेऊन दिला. नंतर रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. कांबळ्यांकडचं कुणी आलं नाही. विश्रामबागेची बस येऊन गेली, दुसरी येऊन गेली.

तिसऱ्या प्रहरी हवालदार मला म्हणाले, "तू सांग तिला. तुझं ऐकंल." नव्या बिऱ्हाडांतल्या त्या दिवशी घरी असलेल्या दोन-तीन बायका दारात उभ्या होत्या. आत चुली पेटलेल्या, धूर दिसत होता. मी आक्कांना म्हणाले, खीर राहणार नाही, यांना बोलावू या.

"उरलं म्हणून?" आक्का म्हणाल्या. "काल ह्यांच्या दारात गेले न्हाई. आज कुठल्या तोंडानं हाक मारू? उरलेल्याचं आवतण नसतंय, सुमन. ते वाढप नव्हं, ते टाकनं."

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण खीर पातेलंभर होती. शेवटी हवालदारांनी सायकलला घागरी बांधून ती सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात, पेशंटच्या नातेवाइकांना नेऊन वाटली. प्रत्येक खेपेला सायकल त्या बायकांच्या दारांवरून गेली.

आठवड्यानं कांबळेवहिनी मला बाजारात भेटल्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "जेवाण रद्द झालं का गं? आक्का बऱ्या हायत न्हवं?"

"रद्द कशानं? तुम्हीच आला नाहीत."

"बोलावणं कुठं आलं?"

"आम्ही आदल्या दिवशी आलो नव्हतो का?"

"ते आवतण. पानं मांडल्याचं बोलावणं आलं न्हाई. मी सकाळपासून चूल पेटवली न्हाई. पोरांना नवी कापडं घातली. हे रजा काढून बसले. आमाला वाटलं आक्का बसनं येतील, न्हाईतर कुणाला तरी धाडतील. चार वाजता मी पोरांना पाव आणून दिला." मग म्हणाल्या, "बाकीच्यांचं मला ठाऊक न्हाई. आमी न बोलावता जाऊन बसलो असतो, तर गल्लीनं काय म्हटलं असतं? दुसऱ्यांना चालतं. आमाला न्हाई चालत."

सगळ्या आयुष्यात आक्कांची आवतणाची घरं हाकेच्या अंतरावर होती. पहिल्या आवतणाला बसनं जायचं त्यांच्या ध्यानात आलं, दुसऱ्याला जायचं ते मात्र नाही. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. शेट्यांना आणि मास्तरांना दुसऱ्या बोलावण्याची आठवणच उरली नव्हती.

पोटात ठेवणं मला जमत नाही. मी घरी आले आणि आक्कांना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडत राहिल्या. जुडी संपल्यावर म्हणाल्या, "लुगडं कंचं नेसली हुती?"

"ते मी कसं विचारणार, आक्का?"

"हिरवं आसंल. कार्याला ती हिरवंच नेसती."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच विश्रामबागेला गेल्या. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आल्या तेव्हा तोंडात विडा होता. "जेवून आले," एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्या कांबळ्यांच्या घरी पहिल्यांदा जेवल्या होत्या. मी विचारलं, मग नवस फिटला का? "एक चूल थंड ऱ्हायली, आन् तिला मी वाढलं न्हाई. कसला फिटतोय?"

त्यानंतर ओट्यावर बसणंही कमी झालं. मी शिफ्टवरून येई तेव्हा दार लोटलेलं असे. म्हसवडला हवालदारांचा भाऊ आजारी पडला, रान बघायला कुणी नव्हतं. हवालदारांनी जायचं काढलं. ते भांडणाच्या तयारीनं बोलायला बसले होते, आक्का एका शब्दात हो म्हणाल्या. त्यानं ते जास्त घाबरले.

टेम्पो आला त्या दिवशी सामान चढवायला मी आणि माझे यजमान होतो. चढवून झालं, हवालदारांनी कुलूप लावून किल्ली आक्कांच्या हातात दिली. आक्का पदर खांद्यावर ओढून गल्लीत निघाल्या. आमच्यासारख्यांकडे आदल्या दिवशीच येऊन गेल्या होत्या. आता त्या नव्या बिऱ्हाडांच्या दारांशी जात होत्या. "जातो आमी. ऱ्हावा सुखानं." बऱ्याच दारांना कुलपं होती. उघड्या दारांतून कुणी मान हलवली. शेवटच्या खोलीतली बाई पोराला कडेवर घेऊन बाहेर आली.

"आवं, तुमी कंच्या घरातल्या?"

आक्कांनी हात केला. "ते कुलूप दिसतंय न्हवं? तितली."

"कुठं निगाला?"

"म्हसवडला."

"आगं बया! आमी तितनंच आलो की. तितं काय हाय आता?" मग ती कुलपाकडे बघून म्हणाली, "खोली द्यायची हाय का वो? माजी भण म्हसवडातच हाय, नवरा-पोरं घिऊन हिकडं यायचं म्हनती. जागा घावंना."

हवालदार टेम्पोतून हाका मारत होते. आक्का तिथंच उभ्या होत्या. पोराच्या नाकाला शेंबूड आला होता, तो त्यांनी आपल्या पदरानं पुसला. मग किल्ली माझ्या हातात दिली. "हिच्या भणीला दे. भाड्याचं हवालदार कळवतील. खोल्या दोन्ही दे, मधी भिंत घालू नगं म्हनावं."

त्या चढून बसल्या. टेम्पो सुरू झाला, आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "सुमन, हिचं नाव काय गं?"

मी त्या बाईला विचारलं. तिनं सांगितलं, "कोंडाबाई." मी टेम्पोमागं चार पावलं गेले आणि जोरात ओरडून सांगितलं. इंजिनचा आवाज फार होता. आक्कांनी कानामागं हात धरला होता, तेवढं दिसलं.